विश्लेषण : ‘हक्काचे माणूस’ आहे का? आधाराचे मोजमाप नेमके कसे होते?

अडचणीच्या वेळी मदतीला येईल असे कुणी आहे का, हा प्रश्न जगभरातील सर्वेक्षणांत विचारला जातो. एकत्र कुटुंब आणि शेजारधर्माचा अभिमान बाळगणाऱ्या भारतात दहापैकी जवळपास चौघे त्याला ‘नाही’ म्हणतात. हे मोजतात कसे, आकड्यांतून काय कळते, काय निसटते आणि नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत झालेल्या प्रयोगाने कोणती वाट दाखवली, याविषयी...

रुग्णालयात दाखल होताना भरायच्या कागदावर एक रकाना ठरलेला असतो : नातेवाईकाचे नाव, नाते आणि मोबाइल क्रमांक. नाशिकमध्ये हा रकाना तीन वेगवेगळ्या घरांतली माणसे कशी भरतील, याची कल्पना करून पाहा. गंगापूर रोडवरील फ्लॅटमध्ये राहणारे निवृत्त दाम्पत्य मुलाचे नाव लिहील. मुलगा बेंगळूरुला असेल. अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणारा परप्रांतीय तरुण खोलीतल्या जोडीदाराचे नाव लिहील. त्या जोडीदाराची रात्रपाळी असेल. सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीला आलेली मजूर महिला मुकादमाचे नाव सांगेल. रकाना तिघांचाही भरेल. मात्र रात्री दोन वाजता औषधाची चिठ्ठी घेऊन धावेल असे माणूस तिघांकडेही आहे का, हे त्या कागदावरून कळणार नाही.

मराठीत अशा माणसाला नेमका शब्द आहे : हक्काचे माणूस. ज्याच्याकडे मदत मागताना संकोच वाटत नाही, ज्याला ‘वेळ आहे का’ असे आधी विचारावे लागत नाही, असे कुणी. समाजशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक गेली सुमारे पन्नास वर्षे नेमके हेच मोजण्याचा प्रयत्न करत आहेत. त्यांच्या भाषेत त्याला ‘सामाजिक आधार’ म्हणतात.

जगभर विचारला जाणारा एक प्रश्न...

‘तुम्ही अडचणीत सापडलात, तर गरज पडेल तेव्हा मदतीसाठी ज्यांच्यावर विसंबून राहता येईल असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का?’ गॅलप ही संस्था २००५ पासून दीडशेच्या आसपास देशांत जे सर्वेक्षण करते, त्यात हा प्रश्न असतो. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘हो’ला एक गुण, ‘नाही’ला शून्य. देशातील सगळ्या उत्तरांची सरासरी म्हणजे त्या देशाचा आधाराचा आकडा. शंभरपैकी नव्वद जण ‘हो’ म्हणाले, तर आकडा ०.९० होतो.

२०१२ पासून प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक आनंद अहवालात (वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट) हाच आकडा वापरला जातो. या अहवालातील क्रमवारीवरून दरवर्षी चर्चा होते. २०२४ मध्ये भारत १४३ देशांत १२६ वा होता, २०२५ मध्ये १४७ देशांत ११८ वा. क्रमवारी मात्र या प्रश्नावर ठरत नाही. लोकांना स्वतःच्या आयुष्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगतात आणि त्या गुणांवरून देशांचा क्रम लागतो. देशादेशांतील फरक का पडतो, हे समजून घेण्यासाठी जे सहा घटक तपासले जातात, त्यांपैकी एक म्हणजे सामाजिक आधार. उत्पन्न, निरोगी आयुर्मान, निर्णयस्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचाराविषयीची धारणा हे उरलेले पाच.

या एका घटकात भारताचा आकडा बोलका आहे. २०२१ च्या अहवालात तो ०.६० होता, २०२३ च्या अहवालात ०.६१ च्या आसपास. म्हणजे शंभरपैकी साधारण साठ जणांनी ‘हो’ म्हटले. २०२१ च्याच अहवालात फिनलंड आणि आइसलँड ९५ च्या वर होते. हे देश श्रीमंत आहेत, म्हणून तुलना सोडून द्यावी, तर शेजारी पाहावेत. श्रीलंका ८० च्या वर, नेपाळ ७७ च्या आसपास आणि बांगलादेश ६९ च्या आसपास होता.

कुटुंबवत्सल देशात ‘नाही’ का?

या आकड्यावर पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची असते. आपल्याकडे लग्नाला पाचशे माणसे जमतात, मयताला सारी गल्ली येते, मग आधार नाही कसा? या शंकेचे उत्तर प्रश्नाच्या शब्दांतच शोधावे लागते.

प्रश्न नातेवाईक आहेत का, असा नाही. ‘गरज पडेल तेव्हा’ आणि ‘विसंबून राहता येईल’ हे त्यातले वजनदार शब्द आहेत. ज्याचे भाऊ, मेहुणे, शेजारी सगळेच रोजंदारीवर आहेत, त्याला माया करणारे पुष्कळ असतात, पण दवाखान्याचे वीस हजार रुपये उसने देऊ शकेल असे कुणी नसते. त्याचे ‘नाही’ हे नात्यांवरचे भाष्य नसते, नात्यांच्या खिशावरचे असते. गरिबी साधारणपणे एकट्या माणसाला येत नाही, ती घराण्याला आणि वस्तीला येते. त्यामुळे आधाराचे जाळे मोठे असूनही ताण पडला की ते सगळीकडून एकदमच फाटते. दुष्काळात किंवा कांद्याचे भाव पडल्यावर गावातल्या सगळ्यांनाच एकाच महिन्यात पैशाची गरज लागते, हे लासलगाव-निफाडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

जागतिक बँकेचे ‘फिनडेक्स’ सर्वेक्षण याच बाबीला पैशाच्या बाजूने भिडते. अचानक मोठी रक्कम लागली तर ती कुठून आणाल, असे त्यात विचारतात. २०२१ च्या फेरीत विकसनशील देशांतील सुमारे ३० टक्के प्रौढांनी ‘कुटुंब किंवा मित्र’ हे पहिले उत्तर दिले. पुढचा प्रश्न होता, हे पैसे मिळणे कितपत अवघड जाईल? ज्यांनी आप्तांचे नाव घेतले होते, त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी ते अवघड असल्याचे सांगितले. माणूस आहे, पण हात आखडता आहे, अशी ही स्थिती.

दुसरे कारण मिंधेपणाचे. मदत मागितली की ती फेडावी लागते, हा हिशेब आपल्याकडे पक्का आहे. लग्नातील आहेराची वही हे त्याचे चालतेबोलते उदाहरण. कुणी किती दिले, हे जपून ठेवले जाते, कारण पुढे तितकेच परत करायचे असते. ही वही नात्यांची नोंद ठेवते, पण ज्याला परतफेड जमणार नाही तो मागायलाच कचरतो. नवरा गेलेली बाई सासर आणि माहेर दोन्ही असूनही ‘कुणी नाही’ म्हणते, तेव्हा तिच्यासमोर अनेकदा हाच हिशेब असतो.

तिसरे कारण, काही अडचणी घराबाहेर सांगण्यासारख्या मानल्या जात नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी केवळ १४ टक्के महिलांनी कुणाकडे मदत मागितली होती. ७७ टक्के महिलांनी मदत तर मागितली नाहीच, पण कुणाला सांगितलेही नव्हते. भोवती माणसे असूनही आधार शून्य असू शकतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

मिळालेली मदत आणि भरवसा...

इथे अभ्यासक एक महत्त्वाचा फरक करतात. प्रत्यक्षात मिळालेली मदत ही एक गोष्ट आणि मदत मिळेल हा भरवसा ही दुसरी. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मुंबईहून उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशाकडे निघालेले हजारो कामगार कसारा घाट चढून नाशिकमार्गे पुढे जात होते. मुंबई-आग्रा महामार्गावर ठिकठिकाणी लोकांनी त्यांना जेवण, पाणी, चपला दिल्या. ही मदत खरी होती आणि मोठी होती. पण ज्याला ती मिळाली, त्याला निघताना तिची खात्री नव्हती. मुंबईत आपल्याला कुणी सांभाळेल हा भरवसा असता, तर त्यातले कित्येक जण उन्हात चालत निघालेच नसते.

सर्वेक्षणांतला प्रश्न दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे भरवशाबद्दल असतो. तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. ज्याला मदतीची वेळच आली नाही, त्याला ‘मदत मिळाली का’ विचारून काही कळत नाही. शिवाय भरवसा असला की माणूस निर्णय वेगळे घेतो. नोकरी सोडून व्यवसायाला लागतो, त्रास देणाऱ्या घरातून बाहेर पडतो, छातीत दुखले तर सकाळची वाट पाहत नाही. त्यामुळे कधीही न वापरलेला आधारही कामाचा असतो.

एका प्रश्नात काय निसटते?

गोदावरीला पूर आला की नाशिककर ‘पाणी कुठवर आले’ हे दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. हे माप सगळ्यांना एका क्षणात समजते आणि वर्षानुवर्षांची तुलनाही करता येते. पण कुणाच्या दुकानात पाणी शिरले, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, पुढच्या तासाभरात काय होईल, हे मारुतीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी वेगळी मोजणी लागते. ‘हो-नाही’चा एक प्रश्नही तसाच आहे. देशाची पातळी कळते, घराची नाही. बहुतेक देशांत वर्षाला सुमारे एक हजार लोकांना तो विचारतात. एवढ्या नमुन्यातून जिल्ह्याचा, तालुक्याचा आकडा काढता येत नाही.

दुसरी अडचण म्हणजे ‘मदत’ एका प्रकारची नसते. अभ्यासक तिचे साधारण चार भाग करतात. ऐकून घेणारे, धीर देणारे माणूस हा भावनिक आधार. पैसे, गाडी, डबा, रात्रीचा मुक्काम हा प्रत्यक्ष आधार. कोणता डॉक्टर, कोणता दाखला, कोणत्या टेबलावर अर्ज हे सांगणारा माहितीचा आधार. आणि ‘तू करतोयस ते बरोबर आहे’ किंवा ‘हे चुकतेय’ असे मोकळेपणाने सांगणारा चौथा. हे चारही एकाच माणसाकडून क्वचित मिळतात. परदेशातील मुलगी आईशी रोज तासभर व्हिडीओ कॉलवर बोलते, तेव्हा पहिला आधार भक्कम असतो, पण गॅस सिलिंडर उचलून ठेवायला शेजारचाच मुलगा लागतो. औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला खोलीतले जोडीदार पैसे आणि डबा देतात, पण घरच्या आठवणीने झोप लागत नाही, हे तो त्यांना सांगत नाही. दोघेही एका प्रश्नाला ‘हो’ म्हणतील आणि दोघांच्याही आधारात मोठे भोक असेल.

नेमक्या पट्ट्या कोणत्या?

म्हणून संशोधनात एकाऐवजी अनेक प्रश्नांच्या पट्ट्या वापरतात. अमेरिकेत १९८८ मध्ये तयार झालेली झिमेट आणि सहकाऱ्यांची बारा प्रश्नांची पट्टी कुटुंब, मित्र आणि आयुष्यातील एक खास व्यक्ती अशा तीन ठिकाणांहून मिळणारा आधार वेगवेगळा मोजते. ज्येष्ठांसाठी लबेन यांची सहा प्रश्नांची पट्टी आहे. महिन्यातून एकदा तरी भेटणारे किंवा बोलणारे नातेवाईक किती, मनातले बोलता येईल असे किती, मदतीला बोलावता येईल असे किती आणि हेच तीन प्रश्न मित्रांबाबत. एकूण ३० पैकी १२ हून कमी गुण मिळाले, तर ती व्यक्ती एकटी पडण्याचा धोका मानतात.

सर्वांत सुटसुटीत पट्टी नॉर्वेच्या राजधानीच्या नावाने ओळखली जाते. ‘ओस्लो’ पट्टीत तीनच प्रश्न आहेत :

१. मोठी वैयक्तिक अडचण आली तर विसंबता येईल अशी जवळची माणसे किती? (कुणी नाही – १ गुण, एक-दोन – २, तीन ते पाच – ३, पाचहून अधिक – ४)

२. तुमचे काय चालले आहे, याबद्दल इतरांना किती आस्था असते? (अजिबात नाही – १ पासून, भरपूर – ५ पर्यंत)

३. गरज पडल्यास शेजाऱ्यांकडून प्रत्यक्ष मदत मिळणे किती सोपे आहे? (फार अवघड – १ पासून, फार सोपे – ५ पर्यंत)

बेरीज ३ ते १४ च्या दरम्यान येते. ८ पर्यंत आधार कमकुवत, ९ ते ११ मध्यम, १२ पासून पुढे भक्कम. ही आजाराची चाचणी नाही आणि कमी गुण म्हणजे माणसाचा दोष नाही. पण तिसरा प्रश्न लक्ष देण्यासारखा आहे. तो रक्ताच्या नात्याबद्दल विचारत नाही, दाराशेजारच्या दाराबद्दल विचारतो. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या शहरात अनेकांचे गुण याच प्रश्नावर कमी होण्याची शक्यता आहे.

आरोग्याशी काय संबंध?

आधार मोजण्याची खटपट केवळ सुखदुःखाच्या कुतूहलापोटी सुरू झालेली नाही. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातील अलामेडा काउंटीतील ६,९२८ प्रौढांची नऊ वर्षे नोंद ठेवली. १९७९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. ज्यांचे जोडीदार, आप्त, मित्र, संस्था यांच्याशी संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या दुपटीहून जास्त होते. धूम्रपान, मद्यपान, सुरुवातीची तब्येत, आर्थिक स्तर हे जमेस धरूनही फरक टिकला. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड यांच्या चमूने तीन लाखांहून अधिक लोकांवरील १४८ अभ्यास एकत्र तपासले. भक्कम नाती असलेल्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

यात एक सावधगिरी हवी. आजारी माणसाचे बाहेर जाणे आणि लोकांशी भेटणे आपोआप कमी होते. त्यामुळे आधार नाही म्हणून आजार की आजार आहे म्हणून आधार नाही, हे नेहमी वेगळे काढता येत नाही. तरीही दीर्घकाळ माग ठेवणाऱ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा तेच दिसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक नात्यांवर स्वतंत्र आयोग नेमला. जून २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. हा श्रीमंत देशांचा आजार असल्याची समजूतही या अहवालाने मोडली. कमी उत्पन्नाच्या देशांत एकाकीपणाचे प्रमाण सुमारे २४ टक्के, तर उच्च उत्पन्नाच्या देशांत सुमारे ११ टक्के आढळले.

तरुणांचे चित्रही वेगळे नाही. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालानुसार २०२३ मध्ये जगातील १९ टक्के तरुण प्रौढांनी विसंबावे असे कुणी नसल्याचे सांगितले. २००६ च्या तुलनेत ही वाढ ३९ टक्क्यांची आहे.

एकटे, एकाकी आणि निराधार...

आपल्याकडे हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मोजमापात मात्र ते तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकटे राहणे ही घराची स्थिती आहे, डोकी मोजली की कळते. एकाकी वाटणे ही मनाची स्थिती आहे, ती ज्याची त्यालाच विचारावी लागते. निराधार असणे म्हणजे गरजेला कुणी नसणे. भरल्या घरात माणूस एकाकी असू शकतो आणि एकटी राहणारी बाई चार घरांच्या जिवावर निर्धास्त असू शकते.

मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या नावाने ओळखले जाणारे वार्धक्याचे देशव्यापी सर्वेक्षण केले. ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोक त्यात होते. साठीपुढच्यांपैकी सुमारे सहा टक्के लोक एकटे राहत असल्याचे त्यातून दिसले. आकडा लहान वाटतो. पण केवळ पती-पत्नी राहत असलेली घरे त्यात नाहीत. अशा ज्येष्ठांचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. त्यातील एक जण आजारी पडला की उरतो तो एकच हात.

सरकारी दफ्तरात ‘निराधार’ शब्दाला वेगळा अर्थ आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला, वय, वैधव्य, अपंगत्व असे निकष तपासले जातात. पैशाच्या मदतीसाठी ते योग्यच. पण ‘रात्री कुणाला हाक माराल’ हा प्रश्न त्या अर्जावर नसतो. बारा आकडी आधार क्रमांक जवळपास प्रत्येकाकडे आहे, आधार आहे का, हे मात्र त्यावरून समजत नाही.

ज्येष्ठांपुरती एक तरतूद याच्या जवळ जाते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांत पोलीस ठाण्याने हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी कुणी त्यांना भेटावे, अशी अपेक्षा आहे. ही यादी एकटे राहणाऱ्यांची होते. तिला ‘तुमच्या घराची किल्ली शेजारी कुणाकडे आहे?’ एवढा एक प्रश्न जोडला, तर ती आधाराचीही होऊ शकेल.

नाशिकच्या ४१ गावांतील प्रयोग काय होता?

मोजून कमतरता कळली, पुढे काय? हक्काचे माणूस सरकारला शिधापत्रिकेवर देता येत नाही. पण ते तयार होण्यास हातभार लावता येतो का, याचा शोध नाशिक जिल्ह्यातच घेतला गेला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात जिल्ह्यातील ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला.

त्याची रचना साधी होती. गावातल्या लोकांमधूनच दोन प्रकारचे स्वयंसेवक निवडले. पहिले ‘मित्र’. बचत गट, शेतकरी गट अशा ठिकाणी वावरणारे हे लोक कुणाचे काहीतरी बिनसले आहे, हे ओळखून कळवत. दुसरे ‘चॅम्पियन’. गावात ज्यांच्याशी लोक आपणहून बोलतात, अशा व्यक्तींना समुपदेशनाची मूलभूत कौशल्ये शिकवली गेली. ते त्रासलेल्या व्यक्तीला चार-सहा वेळा भेटत, ऐकून घेत, अडचण सोडवण्याचे टप्पे पाडायला मदत करत. त्यांच्या स्मार्टफोनवर मराठी लघुपट होते. दारू, घरगुती हिंसा, बेरोजगारी अशा विषयांवरचे हे लघुपट पाहून गावात बोलणे सुरू होई. आजार गंभीर वाटला तर सरकारी दवाखान्याकडे पाठवणे आणि ज्या सरकारी योजनेचा हक्क आहे तिचा लाभ मिळवून देणे, हेही त्यांचे काम होते.

वर पाहिलेले आधाराचे प्रकार इथे पुन्हा दिसतात. ऐकून घेणे हा भावनिक आधार, कुठे जायचे हे सांगणे हा माहितीचा आणि अर्ज भरून देणे हा प्रत्यक्ष आधार. कर्जाने झोप उडालेल्या माणसाला केवळ ‘काळजी करू नका’ सांगून भागत नाही आणि विधवा महिलेला केवळ अर्ज देऊनही भागत नाही, हे या रचनेने ओळखले होते.

नाशिकनंतर हा उपक्रम गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात २०१७ पासून मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. तिथे ६४५ गावांत टप्प्याटप्प्याने तो सुरू करून त्याची शास्त्रीय चाचणी घेतली गेली. बारा प्रश्नांच्या प्रश्नावलीतून मानसिक त्रास मोजला, त्याबरोबर दैनंदिन कामकाज आणि लोकांतला सहभागही मोजला. ज्यांना स्वयंसेवकांची मदत मिळाली, त्यांच्यात सुधारणेचे प्रमाण तीन महिन्यांनी अधिक आढळले आणि आठ महिन्यांनीही ते टिकून होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्य सेवांविषयी जी मार्गदर्शिका काढली, त्यात जगभरातील चांगल्या उदाहरणांमध्ये ‘आत्मीयता’चा समावेश केला.

अशा उपक्रमांच्या मर्यादाही आहेत. लहान गावात ओळखीच्या माणसासमोर मन मोकळे करताना गोष्ट फुटण्याची भीती असते. त्यामुळे गुप्तता पाळण्याचे प्रशिक्षण हा त्यातला कळीचा भाग ठरतो. स्वयंसेवकही थकतो, त्यालाही कुणी लागते. आणि पिकाला भाव नसेल, दवाखाना चाळीस किलोमीटरवर असेल, तर समुपदेशनाने तो प्रश्न सुटत नाही.

मग विचारायचे काय?

ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे तेवढ्या मोठ्या यंत्रणेची वाट न पाहता विद्यमान यंत्रणांना चांगले प्रश्न देता येतील. घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या, बचत गटांच्या मासिक बैठका, ज्येष्ठ नागरिक संघ, गृहनिर्माण संस्था, कारखान्यातील कामगार कल्याण अधिकारी हे सगळे लोकांना नियमित भेटतात. ‘सगळे बरे आहे ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हेच उत्तर ठरलेले आहे. ‘रात्री बरे वाटले नाही तर कुणाला फोन कराल? तो किती वेळात पोहोचेल?’ या प्रश्नाला नाव आणि मिनिटे सांगावी लागतात. नाव चटकन आठवले नाही, तर तेच उत्तर.

हाच प्रश्न उलटा करून स्वतःलाही विचारता येतो : कुणाच्या कागदावर तुमचे नाव लिहिले जाईल? बहुतेक सर्व पट्ट्या आपल्याला किती आधार मिळतो, हे विचारतात. पण प्रत्येक ‘हो’च्या पलीकडे कुणीतरी दार उघडणारे असते. ज्यांना परतफेडीच्या हिशेबाने मागणे जड जाते, त्यांच्यासाठी पहिला फोन पलीकडून यावा लागतो.

ज्यांना आज कुणीच आठवत नाही, त्यांच्यासाठी दोन क्रमांक उपयोगी आहेत. ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. फोनवरचा आवाज म्हणजे हक्काचे माणूस नव्हे, पण तिथून सुरुवात होऊ शकते. बाकीच्यांनी एवढे करावे. रुग्णालयाच्या कागदावरील तो रकाना घरीच एकदा भरून पाहावा. त्यात दोन नावे असावीत आणि त्यातले एक तरी दहा मिनिटांत चालत येईल इतक्या अंतरावरचे असावे.